आमची वाटचाल : मोकळं मैदान ते सेन्सरचा ट्रॅक

बाबांनी पुण्यात सिंहगड रोडला ड्रायव्हिंग स्कूल काढलं तेव्हा शिकवायला फियाट होती. गिअर स्टिअरिंगपाशी, पॉवर स्टिअरिंगचा पत्ता नाही. एका तासात खांदे भरून यायचे. शिकायला येणारी बहुतेक मुलं पुढे ड्रायव्हरची नोकरी धरणारी. मारुती ८०० घरोघरी आली तशा बँकेतल्या, शाळेतल्या बायकाही यायला लागल्या, आणि आमचं स्कूल खऱ्या अर्थाने उभं राहिलं.

पूर्वीची टेस्ट सोपी होती, आता उगाच अवघड केली, असं पालक नेहमी म्हणतात. मला ते पटत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला पंधरावा नियम वाचा. चढावर थांबून गाडी मागे न सरकवता पुन्हा काढणं, रिव्हर्समध्ये कोपऱ्यावरून वळवणं, इशारे देणं, हे सगळं त्यात पहिल्यापासून आहे. नियम तोच आहे, टेस्ट घ्यायची तऱ्हा बदलली. आधी मोकळ्या मैदानावर थोडं पुढे, थोडं मागे, आठच्या आकड्यासारखं एक वळण, की पक्कं लायसन. आता भोसरीला नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआर या ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर आठ, इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचा ट्रॅक, पॅरलल पार्किंग आणि चढ, सगळं करून दाखवावं लागतं. चाक कडेला लागलं की सेन्सर टिपतो. मला हा बदल मनापासून आवडला, कारण त्याने आम्हालाही शिकवणं सुधारावं लागलं.

सगळ्यात जास्त मुलं अडतात ती चढावर. हँडब्रेक ओढलेला ठेवून क्लच हळूहळू सोडायचा. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचललं जातं. पाय तिथेच धरून थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. हे तोंडी सांगून येत नाही. पायाला तो क्षण कळेपर्यंत आम्ही पुढचा धडा घेत नाही. आता ऑटोमॅटिक गाडीवाले म्हणतात, आम्हाला क्लच कशाला? कारचं लायसन दोन्हींना एकच आहे. उद्या गिअरची गाडी हातात आली तर तेच लायसन दाखवून ती चालवणार ना?

पण ट्रॅकवर समोरून रिक्षा येत नाही, रात्र होत नाही, पाऊस पडत नाही. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या अपघातांच्या बातम्यांत डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकल्याचं कारण पुन्हा पुन्हा येतं. न्यूट्रलला इंजिनने धरून ठेवलेला वेग सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापले की धरत नाहीत. म्हणून जुन्या ड्रायव्हरांचा नेम आम्ही पहिल्या आठवड्यातच सांगतो : ज्या गिअरवर चढायचं, त्याच गिअरवर उतरायचं. हे कुठला सेन्सर तपासत नाही.

लर्निंगची परीक्षा २०२१ पासून आधारवर घरबसल्या देता येते. सोय उत्तम आहे, पण चिन्हांचा पेपर आम्ही वर्गात समोर बसवून पुन्हा घेतो. त्याच वर्षी केंद्राने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आणले. कारसाठी चार आठवड्यांत २९ तास, त्यातले २१ प्रत्यक्ष गाडीवर. सिम्युलेटर आणि स्वतःचा ट्रॅक उभारण्याएवढी जागा आमच्यासारख्या छोट्या स्कूलकडे नाही, पण तासांचा तो हिशेब मला योग्य वाटतो. दहा दिवसांत लायसन मिळवून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं आम्ही परत पाठवतो. त्याने धंदा कमी होतो. होऊ दे.

सध्या रविवारी सकाळी लायसन असलेल्यांची वेगळी बॅच चालते. कुणी अमेरिकेहून परतलेलं असतं, कुणी लायसन काढून स्टिअरिंगला हातच लावलेला नसतो. लायसन कधीचं आहे हे आम्ही विचारत नाही. पहिल्या दिवशी चढावर नेतो, दुसऱ्या खेपेला अंधार पडल्यावर बोलावतो.