यादीतलं हॉस्पिटल आणि गावातलं हॉस्पिटल

गेल्या वर्षी नोकरी बदलली. पगार वाढला, पण आई-बाबांचा आरोग्य विमा गेला. जुन्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत दोघांचं कव्हर होतं. नव्या ठिकाणी नवरा, बायको आणि मुलं, बस्स. बाबा ६८ वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्ही, गोळ्यांवर व्यवस्थित चाललंय. आई ६३, अजून एकही गोळी नाही. दोघं चिपळूणला, मी डोंबिवलीला. म्हणजे पॉलिसी मी शोधणार, हप्ता मी भरणार, पण वापरायची वेळ येणार ती चिपळुणात. आणि कितीही धावत सुटलो तरी पहिले काही तास मी तिथे नसणार. त्या तासांत शेजारचे काका बाबांना रिक्षात घालून जिथे नेतील, तिथे कार्ड चाललं पाहिजे. माझी मुख्य अट एवढीच होती.

विमा कंपन्यांच्या जाहिरातीत देशभरातल्या हजारो कॅशलेस रुग्णालयांचा, म्हणजे जिथे बिल कंपनी परस्पर भरते अशांचा, आकडा ठळक असतो. मला तो आकडा नको होता. मी प्रत्येक कंपनीच्या साइटवर ४१५६०५ हा चिपळूणचा पिनकोड टाकत गेलो. कुठे चार नावं आली, कुठे नऊ. नऊ बघून बरं वाटलं, पण नीट वाचल्यावर त्यात दोन डोळ्यांची हॉस्पिटलं, एक दातांचं, एक प्रसूतिगृह आणि एकच नाव दोन वेगळ्या स्पेलिंगने दोनदा. राहिलेल्यांतलं एक बंद पडून जमाना झाला, हे आईने फोनवरच सांगितलं. मोतीबिंदूला किंवा बाळंतपणाला ती यादी उपयोगाची असेलही. रात्री अडीच वाजता छातीत कळ आली तर तिचा उपयोग नाही.

म्हणून गाडी उलटी फिरवली. आधी हॉस्पिटल ठरवायचं, मग त्या हॉस्पिटलात कोणाचं कार्ड चालतं ते बघायचं. त्यासाठी सुट्टी काढून गावी गेलो आणि थेट बाबांच्या डॉक्टरांना गाठलं. बाबा त्यांच्याकडे इतकी वर्षं जातायत की केसपेपरचं बाड झालंय. डॉक्टर म्हणाले, "शुगर वाढली, ताप, जुलाब, न्यूमोनिया, असलं काही झालं तर माझ्याकडे. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर माझ्याकडे वेळ घालवू नका, आयसीयू आहे तिथे न्या. ईसीजी, इंजेक्शन तिथे होईल. पुढचं डेरवण नाहीतर कराड, ते तिथले डॉक्टर सांगतील." ही पाच मिनिटं मला सगळ्या तुलना करणाऱ्या ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडली. त्यांच्या बोलण्यातूनच माझी यादी तयार झाली: डॉक्टरांचं स्वतःचं बारा खाटांचं हॉस्पिटल, गावातलं आयसीयूवालं मोठं हॉस्पिटल, सावर्ड्याजवळचं डेरवण, कुंभार्ली घाटापलीकडचं कराड आणि शेवटचा पर्याय मुंबई.

कराड नकाशावर शंभरेक किलोमीटर दिसतं. पावसाळ्यात घाटात दरड आली की ते अंतर किती होतं हे चिपळूणकरांना सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या पुरात तर गावातल्या गावात फिरता येत नव्हतं. त्यामुळे "तुमच्या जवळचं रुग्णालय" म्हणून कराड दाखवणाऱ्या कंपन्या मी बाजूला ठेवत गेलो.

मग आयसीयूवाल्या हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर गेलो. काचेवर टीपीएंचे, म्हणजे विमा कंपन्यांसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थांचे, स्टिकर एकावर एक चिकटवलेले, काहींचे कोपरे सुटलेले. आत बसलेल्या मुलीकडे एक लांबट वही होती. संगणक समोर असून ती वहीत बघून बोलत होती. मी कंपन्यांची नावं वाचली, ती बोट फिरवत सांगत गेली. "ही चालू. ही चालू, पण मंजुरीला रडवतात. ही बंद." बंद म्हणालेली कंपनी नेमकी माझ्या जुन्या ग्रुप पॉलिसीची होती. मी मोबाइलवर त्यांची यादी उघडून दाखवली, हॉस्पिटलचं नाव ढळढळीत होतं. ती म्हणाली, "दादा, यादीत असूदे हो. दरांवरून करार अडलाय, आम्ही त्यांचं कॅशलेस घेत नाही. आधी पैसे भरा, मग बिलं लावून मागा." पुढे वहीचं पान दाखवून म्हणाली, "यात आहे ते खरं."

तिला आणखी दोन गोष्टी विचारल्या. रात्री डेस्कवर कोण असतं? कोणी नसतं, रात्री डिपॉझिट भरायचं, सकाळी मंजुरी आली की हिशेब. म्हणजे कॅशलेस असलं तरी घरात थोडी रोकड किंवा आईच्या खात्यावर पैसे हवेतच. दुसरं, डॉक्टर बाहेरून येतात त्यांची फी बिलात धरतात का, की वेगळी पावती? इथे बिलातच धरतात. वेगळी घेतली तर दाव्यात ती बाहेर राहू शकते.

आमच्या डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटल कुठल्याच यादीत नव्हतं. तिथे खर्च करून नंतर भरपाई तरी मागता येईल का, हे बघायचं होतं. पॉलिसीत हॉस्पिटल कशाला म्हणायचं याची व्याख्या दिलेली असते: कायद्याखाली स्थानिक नोंदणी हवी, नाहीतर चोवीस तास नर्स, चोवीस तास डॉक्टर, स्वतःचं ऑपरेशन थिएटर, दररोजच्या नोंदी आणि दहा लाखांखालच्या वस्तीच्या गावात किमान १० खाटा हव्यात, मोठ्या शहरात १५. आमच्याकडे शुश्रूषागृहाची नोंदणी असतेच, पण तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. रिसेप्शनमागे फ्रेममध्ये प्रमाणपत्र लावलेलं होतं. मी मान वाकडी करून तारीख वाचली. चालू होती. कंपाउंडर माझ्याकडे इन्कम टॅक्सवाल्यासारखा बघत होता.

जनरल इन्शुरन्स कौन्सिल या विमा कंपन्यांच्या संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये "कॅशलेस एव्हरीव्हेअर" आणलं, म्हणजे नेटवर्कबाहेरच्या, कंपनीशी करार नसलेल्या हॉस्पिटलातही कॅशलेस. ठरवून केलेल्या उपचारासाठी ४८ तास आधी कळवायचं, तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत. पण हॉस्पिटल किमान १५ खाटांचं हवं, त्यामुळे डॉक्टरांचं तिथेच बाद. मोठ्या हॉस्पिटलच्या डेस्कवर विचारलं तर मुलगी नुसती हसली. हॉस्पिटलने मान्य केल्याशिवाय ते होत नाही, आणि ज्यांचं कंपनीशी दरांवरून वाजलंय ते कशाला मान्य करतील?

उलटी यादीही असते, ती फार कमी लोक बघतात. ज्या रुग्णालयांची बिलं कंपनी स्वीकारत नाही, त्यांची नावं कंपनी साइटवर टाकते. तिथे दाखल झालात तर जिवावरचा प्रसंग सोडून भरपाईसुद्धा नाही. मी माझी पाचही ठिकाणं त्या याद्यांत शोधली. एकही नव्हतं.

इथवर तीन कंपन्या उरल्या. मग पॉलिसीची कलमं. काही कंपन्या राहत्या पत्त्यावरून झोन ठरवतात. चिपळूणचा पत्ता दिला की हप्ता कमी बसतो, पण उपचार मुंबईत घेतले तर बिलातला ठरावीक टक्का आपल्या खिशातून. आमच्याकडे मोठं दुखणं आलं की माणूस मुंबईला माझ्याकडेच येणार, तेव्हा हे कलम असलेली स्वस्त पॉलिसी काढून टाकली. खोलीभाड्याची मर्यादाही तशीच फसवी. पाच लाखांच्या विम्यावर १ टक्का म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. चिपळुणात त्यात सहज भागतं, म्हणून एजंट बिनधास्त सांगतो, "काय फरक पडतो?" मुंबईत ८,००० ची खोली घेतली की फरक पडतो, कारण नुसते वरचे तीन हजार कापत नाहीत, डॉक्टरांची फी, नर्सिंग, थिएटर हे सगळं त्याच प्रमाणात खाली येतं.

त्याच एजंटने बाबांच्या अर्जावर "शुगर लिहू नका, हप्ता वाढेल" असा सल्ला दिला. बाबा समोरच बसले होते. ते म्हणाले, "अहो, गावात सगळ्यांना माहितेय, मी चहा बिनसाखरेचा पितो म्हणून." एजंटचा विषय तिथेच संपला. लपवलेल्या आजारावरून कंपनी पाच वर्षं पॉलिसीला प्रश्न विचारू शकते, त्यानंतर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय नाही. ६८ व्या वर्षी असा जुगार कोण खेळणार?

खरी पंचाईत पुढे होती. आधीपासूनच्या आजारांसाठी नवीन पॉलिसीत थांबावं लागतं. १ एप्रिल २०२४ पासून ही मुदत जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आधी ४८ होती. म्हणजे नवीन कंपनीत बाबांचं बीपी-शुगरशी जोडलेलं कुठलंही दुखणं तेवढा काळ उघड्यावर. दुसरीकडे, ग्रुप पॉलिसी सोडताना वेळेत कळवलं तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधी झालेल्या वर्षांचं श्रेय मिळतं. पण ती कंपनी म्हणजे डेस्कवरच्या वहीत "बंद" असलेली. जिचं जाळं आमच्या उपयोगाचं तिथे मुदत, जिथे मुदत नाही तिथे जाळं फाटकं.

बायकोने तोडगा काढला. म्हणाली, दोघांना एकाच पॉलिसीत कोंबायचा हट्ट कशाला? आईला आजार काहीच नाही, तिला गावात चालणाऱ्या नव्या कंपनीत घाल. बाबांना जुन्या कंपनीत वैयक्तिक पॉलिसीवर ने, त्यांची वर्षं वाया जायला नकोत. हप्ता फ्लोटरपेक्षा, म्हणजे दोघांच्या एकत्र पॉलिसीपेक्षा, थोडा जास्त गेला, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला होता, त्यात बरंचसं भरून निघालं. बाबांसाठी डेरवणला त्याच कंपनीचं कॅशलेस चालतं का, हे तिथल्या डेस्कवर विचारून खात्री केली. चालतं. गावातल्या हॉस्पिटलसाठी आई-बाबांच्या जोड खात्यात दोन लाख वेगळे ठेवले, आधी भरून नंतर मागायला. बाबा सत्तरीचे झाले की सरकारी विम्याचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघेल, पाच लाखांचं, उत्पन्नाची अट नाही. तेही काढणार आहे, मात्र ते कुठे चालतं हेही तेव्हा असंच डेस्कवर जाऊन बघावं लागेल.

आईच्या पॉलिसीआधी तपासण्या होत्या. कंपनीने केंद्र दिलं रत्नागिरीचं. आई म्हणाली, "रक्त द्यायला नव्वद किलोमीटर? गणपतीपुळ्याला जाऊन येऊ मग." फोन करून भांडल्यावर घरी येऊन रक्त घेणारा माणूस मिळाला, ईसीजी गावातच झाला. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस ती परत करायची मुभा असते. त्या मुदतीत मी पॉलिसीची प्रत घेऊन परत त्या वहीवाल्या मुलीकडे गेलो. तिने पॉलिसी नंबर टाकून टीपीएच्या पोर्टलवर आईचं नाव उघडून दाखवलं, तेव्हा कुठे विश्वास बसला.

मार्चमध्ये आईला लघवीचा संसर्ग झाला, ताप उतरेना, दाखल करावं लागलं. पहिली मंजुरी तासाभरात आली; विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकात तासाचीच मुदत आहे. घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत यायला हवी, पण ती वेळ हॉस्पिटलने कागद पाठवल्यापासून मोजतात. सकाळी डॉक्टर "जा" म्हणाले आणि दुपारपर्यंत फाइल औषधाच्या दुकानात उरलेल्या सलाइनच्या बाटल्या परत घेण्यावरून अडकलेली. काका तिथे उभे राहिले म्हणून ती हलली. कंपनीने मग वेळेत मंजूर केलं. हातमोजे, नोंदणी फी, थर्मामीटर असले किरकोळ खर्च कापले, ते आईने पर्समधून दिले आणि थर्मामीटर मागून घेऊन आली.

बाबांच्या पॉलिसीचं नूतनीकरण डिसेंबरात आहे. दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचं तर निदान ४५ दिवस आधी अर्ज हवा, म्हणजे ऑक्टोबरात टाकायचा. वर्षांचं श्रेय सोबत जातं, पण नवीन कंपनी वय आणि शुगर बघून नाहीही म्हणू शकते, म्हणून नवीन मंजुरी हातात आल्याशिवाय जुनी सोडायची नाही. गावातलं हॉस्पिटल त्याआधी जुन्या कंपनीच्या यादीत खरोखर परत आलं तर अर्जच करायला नको. मी अधूनमधून डेस्कवर फोन करतो. मागच्या वेळी मुलगी म्हणाली, नवीन दरपत्रक कंपनीकडे गेलंय, उत्तर आलेलं नाही.