आमची वाटचाल : क्रीज न मारलेली हॅट विकायचा धंदा

आमच्याकडून हॅट घेतली की बॉक्समधून जे निघतं ते बघून बरेच जण आधी फोनच करतात, की अहो ही तर नुसती गोल डोक्याची आलीय, वरचा खळगा कुठाय, पुढची चिमटी कुठाय. तर ते मुद्दाम आहे. आम्ही ओपन क्राऊन हॅट विकतो, म्हणजे वरचा भाग साच्यावरून उतरला तसाच गोल आणि उंच, त्यावर एकही क्रीज, म्हणजे दाबून पाडलेला खळगा किंवा चिमटी नाही, आणि ती क्रीज तुम्ही घरी वाफेवर स्वतः पाडायची. असं का आणि हे चालतं तरी कसं, हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच सगळं लिहून टाकतो.

सुरुवात रिपेअरिंगपासून झाली, मी आणि धाकटा भाऊ. जुन्या फेल्टच्या (लोकर किंवा फर दाबून केलेल्या) हॅट साफ करायच्या, आतला घामपट्टा बदलायचा, रिबीन लावायची. येणाऱ्या हॅटमध्ये एक गोष्ट ठरलेली असायची, पुढच्या चिमटीवर फेल्ट विरलेलं नाहीतर सरळ भोक. कारण सगळे हॅट तिथूनच उचलतात, बोटांचं तेल लागतं, तीच घडी रोज दाबली जाते आणि एक दिवस फाटते. (हॅट ब्रिमला, म्हणजे खालच्या पसरट काठाला धरून उचला, हे आम्ही बिलावरसुद्धा छापलंय.) खूप जुन्या फर फेल्टच्या हॅट मात्र आम्ही तेव्हाही घ्यायचो नाही, आजही घेत नाही. पूर्वी ससा-बीव्हरच्या फरवर पारा असलेलं रसायन लावायचे म्हणजे ती नीट आळते, त्यात हॅट बनवणारे कारागीर आजारी पडायचे, अमेरिकेत ते १९४१ मध्ये बंद झालं. तसल्या हॅटमध्ये पाऱ्याचा अंश अजून असू शकतो आणि गरम केला की पारा हवेत येतो, त्यामुळे पणजोबांची हॅट असेल तर ती कपाटात शोभेला ठेवा, किटलीवर धरू नका.

मग रेडीमेड हॅट ठेवायला लागलो, क्रीज मारूनच यायच्या. विक्री बरी होती पण परत येणाऱ्या हॅट डोक्याला ताप होत्या. साईझ बरोबर, रंग बरोबर, तरी परत. कारण एकच, "मला शोभत नाही". लांब चेहऱ्यावर उंच क्राऊन अजूनच लांब दिसतो, गोल चेहऱ्यावर बुटका क्राऊन चेहरा आणखी पसरवतो, आणि कंपनीची क्रीज सगळ्यांना एकच. एकदा भावाने परत आलेली हॅट त्याच गिऱ्हाईकासमोर वाफेवर धरली, जुनी क्रीज आतून दाबून काढली, क्राऊन थोडा खाली घेतला आणि दिली हातात. आरशात बघून तो बाबा तीच हॅट घालून गेला. तेव्हा डोक्यात आलं की क्रीजसकट विकायचीच कशाला.

तसं बघितलं तर आयडिया आमची नाहीच. स्टेटसन या अमेरिकन हॅट कंपनीची १८६५ ची 'बॉस ऑफ द प्लेन्स' हॅट गोल क्राऊन आणि सपाट ब्रिम अशीच विकली जायची, पुढे जो तो आपापल्या हाताने दाबून आकार द्यायचा. अमेरिकन सैनिक तर क्राऊनला चार बाजूंनी चिमटे काढायचे म्हणजे वर पाणी साचत नाही, आणि १९११ मध्ये तोच आकार त्यांच्या आर्मीने ऑफिशियल करून टाकला.

हे घरी जमतं याचं कारण फेल्टमध्येच आहे. ते विणलेलं कापड नाही, ताणा-बाणा काही नाही, लोकरीचे किंवा फरचे खवलेदार तंतू एकमेकांत अडकून झालेला तो जाड थर आहे, त्यामुळे कुठल्याही दिशेला वळतो. वाफ लागली की तंतूंमधली प्रथिनाची पकड सैल होते, कडकपणासाठी शेलॅक (लाख) लावलं असेल तर तेही मऊ पडतं, आणि तुम्ही दिलेला आकार धरून ठेवला की गार होताना तो तसाच बसतो. म्हणजे काम खरं तर गार होताना होतं, लोक मात्र वाफेवरच घाई करतात आणि गार व्हायच्या आत हात काढतात.

किटली किंवा पातेलं उकळू द्या, हॅट वीतभर वर धरून फिरवत रहा, एका जागी थांबू नका आणि हात वाफेच्या झोतात घालू नका, वाफेचा चटका पाण्यापेक्षा वाईट. फेल्ट ओलं करायचं नाहीये, फक्त ऊब आणि दमटपणा पोचवायचा, बोटाने दाबलं की सहज आत जायला लागलं म्हणजे झालं. मग एक हात आत आणि दुसऱ्या हाताच्या पंजाची कड वरून मधोमध, पुढून मागे, हळू दाबायची. पहिल्यांदा कमीच दाबा. खळगा नंतर खोल करता येतो, पण जास्त खोल गेला तर डोक्याला टेकतो आणि हॅट वर उचलली जाते, बोटभर जागा राहिलीच पाहिजे. साडेपाच इंची क्राऊन मधोमध दाबला की बघता बघता इंचभर खाली येतो, हा हिशोब आधीच डोक्यात असू द्या. खळगा बसला की परत थोडी वाफ आणि मग पुढची चिमटी, एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला दोन बोटं. चिमटी धारदार करू नका, गोलसर ठेवा, तिथेच ती पुढे फाटते. पुढे निमुळता मागे रुंद केलात तर टीअरड्रॉप, मधला खळगा आणि दोन्ही बाजूंना एकेक लांब दाब दिला तर कॅटलमन. माझ्या मते पहिल्यांदा टीअरड्रॉपच करा, थोडा वाकडा झाला तरी बरा दिसतो, कॅटलमनमध्ये दोन बाजू सारख्या आल्या नाहीत की लगेच कळतं.

चामड्याचा घामपट्टा असेल तर वाफ त्याला लागू देऊ नका, तो आकसतो आणि हॅट डोक्यातच जात नाही, अशा कंप्लेंट सगळ्यात जास्त येतात. इस्त्री तर अजिबात नको, फेल्ट चकाकतं आणि ती चकाकी जात नाही.

धंद्याचं म्हणाल तर दुकानदारांनी सुरुवातीला हात वर केले, शेल्फवर ठेवली की उलटी बादली दिसते म्हणाले, आणि खरंच दिसते. म्हणून मग ऑनलाईनच विकायला लागलो. बॉक्समध्ये चित्रांचा कागद घालायचो, तो कुणी वाचायचं नाही. मग व्हिडिओ कॉलवर शिकवायला लागलो, लोकांना आवडलं पण आमच्या संध्याकाळी सगळ्या त्यातच जायच्या, घरचे वैतागले. आता भावाच्या हातांचा एक व्हिडिओ आहे, चेहरा नाही, बोलणं कमी, तो आधी बघायचा आणि अडलं तरच कॉल. परत येणाऱ्या हॅट खूप कमी झाल्या. ज्यांना स्वतः करायचंच नाही त्यांना आम्ही इथून क्रीज मारून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत, फक्त समोरून आणि बाजूने एकेक फोटो पाठवा.

माल निवडायला मात्र वेळ गेला. वुल फेल्ट स्वस्त पडतं पण हट्टी, आकार हळू घेतं आणि पुन्हा पुन्हा वाफ दिली की आकसतं. फर फेल्टचे तंतू बारीक, ते हातात लगेच ऐकतं आणि आकार धरूनही ठेवतं. दोन्ही ठेवतो. एकदाच क्रीज करून वापरणार असाल तर वुल पुरे, दर सीझनला आकार बदलायची हौस असेल तर फरच घ्या. आणि हॅटमध्ये छापलेल्या एक्सच्या आकड्यावरून (१०एक्स वगैरे) क्वालिटी ठरवू नका, प्रत्येक कंपनीचा एक्स वेगळा असतो, दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही.

सध्या ब्रिमच्या व्हिडिओचं काम चालू आहे. क्राऊनपेक्षा ब्रिम अवघड, सगळीकडे सारखी वळवायला सपाट टेबल लागतं आणि दोन बाजू मॅच करताना डोळे फिरतात. तो येईपर्यंत ब्रिम सपाट हवी की वळवलेली ते ऑर्डर देतानाच सांगा, आम्ही इथून करून पाठवतो.