कितवा आलास?

दोनशे किलोमीटर सायकल मारून रात्री पावणेआठला सोसायटीच्या गेटमधून आत शिरलो, तेव्हा पाय माझेच आहेत की भाड्याने आणलेत, कळत नव्हतं. तळमजल्यावरचे काका जिन्यापाशी उभेच होते.

"कितवा आलास?"

"काका, त्यात नंबर नसतो."

"नसतो म्हणजे? पहिला कोण आला?"

"कुणीच नाही. साडेतेरा तासांत पूर्ण करायचं, बस."

काकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग एवढं मरायला गेला कशाला होतास?"

प्रश्न रास्त होता. ब्रेव्हे हा प्रकार आपल्याकडच्या माणसाला समजावणं अवघडच. हातात एक कार्ड देतात, वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी वेळ लिहून घ्यायची. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला वीस, 600 ला चाळीस. वेळेत पोचलात तर पोचलात. सात तासांत पोचलेला आणि तेरा तासांत पोचलेला, दोघं सारखेच.

काकांना एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. नंबर असता, तर माझा शेवटचा होता. आग्रा रोडने मालेगावच्या अलीकडून मागे फिरलो आणि राहुड घाटात मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, तर पंपाचं तोंड व्हॉल्व्हवर बसेना. शेजारून कांद्याचे ट्रॅक्टर निवांत चाललेले. एका ट्रॅक्टरवाल्याने वेग कमी करून विचारलं, "टाकू का ट्रॉलीत?" खोटं कशाला बोलू, दोन सेकंद मी विचार केला. पुढे पिंपळगावपासून समोरून वारा. परत नाशकात आडगाव नाक्याला पोचलो तेव्हा सात वीस झाले होते, मुदत साडेसातची. टेबल घडी करून डिकीत गेलं होतं. घामाने लिबलिबीत झालेल्या कार्डावर सही झाली ती गाडीच्या बॉनेटवर.

आता गंमत बघा. याच नाशकाने 2015 साली 'रेस अक्रॉस अमेरिका'साठी रात्री जागवल्या. महाजन बंधू, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र, दोघांची टीम म्हणून पॅसिफिकच्या काठावरून निघाले आणि आळीपाळीने सायकल हाणत नऊ दिवसांच्या आत अटलांटिकच्या बाजूला पोचले. सुमारे 4800 किलोमीटर. अशी टीम म्हणून ती शर्यत पुरी करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर कॉलेज रोडवर पहाटे हेल्मेटांची संख्या डोळ्यांदेखत वाढली. त्यातलं एक माझं. मग 2017 मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली, अकरा दिवस आणि काही तासांत, बारा दिवसांच्या मुदतीच्या जेमतेम आत. त्यांच्या पाठोपाठ काही तासांनी नागपूरचे डॉ. अमित समर्थ. गोकुळनाथ नोकरीनिमित्त नाशकात होते, पण आपण त्यांना तेव्हाच नाशिककर करून टाकलं. रेशनकार्ड तेवढं काढायचं राहिलं.

त्या वर्षी ती शर्यत जिंकली कुणी? ऑस्ट्रियाच्या क्रिस्टोफ स्ट्रासरने. मी इथे निदान वीस सायकलवाल्यांना विचारलं, एकाला सांगता आलं तर शपथ. म्हणजे आख्खं शहर ज्या शर्यतीसाठी फटाके उडवायला तयार होतं, तिच्यात पहिला कोण आला याची कुणाला फिकीरच नव्हती. परक्या मुलखात आपला माणूस वेळेत पोचला, एवढ्यानं ऊर भरून आला. आणि जिन्यात भेटलेल्या पोराला मात्र, कितवा आलास.

माझ्या नावावर सायकलचं एकच बक्षीस आहे आणि तेही शेवटचा आल्याबद्दल. गल्लीतल्या गणपतीत स्लो सायकलिंग असायचं. चुन्याच्या दोन रेघा, पाय टेकला की बाद, सगळ्यात शेवटी पोचेल तो पहिला. त्या वर्षी मी भाड्याच्या, ब्रेक न लागणाऱ्या सायकलवर ब्रेकविना हळू जाण्याचं तंत्र काढलं होतं: हँडल सारखं डावी-उजवीकडे झटकायचं आणि श्वास रोखून धरायचा. स्टीलचा डबा मिळाला. आईकडे अजून त्यात हिंग असतो.

टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या स्वाराला 'लाल कंदील' म्हणतात, आगगाडीच्या शेवटच्या डब्यावरचा. विम व्हान्सेव्हेनांट नावाचा बेल्जियन गडी 2006 ते 2008 अशी ओळीने तीन वर्षं लाल कंदील होता. तीनदा. त्यासाठी आधी तीनदा पॅरिसला पोचावं लागतं, आणि दर वर्षी कितीतरी चांगले चांगले स्वार वाटेतच गाडीत बसतात. माझं बालपण नाशिकरोडला गेलं. गाडी निघून जाताना स्टेशनातला माणूस इंजिनाकडे बघत नसे, शेवटच्या डब्याकडे बघे. तिथला दिवा आणि एलव्हीची, म्हणजे 'लास्ट व्हेइकल'ची पाटी दिसली की समजायचं, गाडी अख्खी आली, मागे डबा सुटलेला नाही. हे काकांना सांगितलं असतं, तर म्हणाले असते, "तू काय मालगाडी आहेस का?"

पंधरा दिवसांनी सोसायटीत सत्यनारायण होता. प्रसादाच्या रांगेत काकांनी कुणा पाहुण्याशी माझी ओळख करून दिली. खांद्यावर हात, आवाज जरा चढा.

"हा आपला. परवा आपण दोनशे किलोमीटर मारले, साडेतेरा तासांच्या आत. वारा समोरून, चाक पंक्चर, तरी सोडलं नाही आपण."

पाहुण्यांनी कौतुकाने मान हलवली आणि विचारलं, "मग कितवा नंबर?"

"त्यात नंबर नसतो हो," काका म्हणाले आणि पुढ्यातला शिरा त्यांनी माझ्या द्रोणात ओतला.