तुम्ही विचारलंत म्हणून: आपला माणूस निवडून आला की काय होतं?

"मॅडम, राग मानू नका, पण तुमच्यातला एखादा निवडून आला काय अन् नाही आला काय, तुमच्या लेकरांना काय फरक पडतो? रस्ता झाला तर सगळ्यांसाठीच होतो ना?"

हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये विचारला गेलाय, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा एसटीत शेजारच्या सीटवरूनही. विचारणारी माणसं बहुतेक आपुलकीची असतात. म्हणूनच आजवर मी "असतं आपलं" म्हणून विषय बदलत आले. २०२५ च्या डिसेंबरात नगरपालिकांचे निकाल लागले, त्या दिवशी एका सहकारी ताईंनी तो पुन्हा विचारला आणि उत्तरासाठी त्या थांबल्या. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात वाढले. आम्ही बागवान, म्हणजे फळं विकणारी मुस्लिम जमात. अब्बांचा फळांचा गाडा होता. हिवाळ्यात पेरू-सीताफळं, उन्हाळ्यात आंबे. पहाटे मोंढ्यात लिलाव सुरू झाला की अब्बांचा आवाज चार गल्ल्यांना ऐकू जायचा. दोन रुपयांसाठी ते व्यापाऱ्याशी तासभर भांडत. तेच अब्बा सरकारी कचेरीच्या पायऱ्या चढताना आवाज बाहेर ठेवून आत जायचे. टोपी काढून खिशात घालायचे. "साहेब, बघा ना, जमतंय का." मी त्यांचं बोट धरून उभी असायची. घरी आल्यावर अम्मीनं विचारलं तर म्हणायचे, "बोले, देखते बोलके." एवढंच.

ताई, लेकरू राज्यशास्त्र असंच शिकतं. बापाच्या आवाजातून.

मला डी.एड.ला जायचं होतं तेव्हाची गोष्ट. जातीचा दाखला हवा होता. बागवान ही जात आता इतर मागासवर्गात आहे, पण ते आपोआप झालेलं नाही. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, पिंजारी, मोमीन, बागवान, कुरेशी, तांबोळी अशा कष्टकरी जमातींना एकत्र आणलं. दिलीपकुमार त्यांच्यासोबत सभांना फिरले. ते स्वतः फळांच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव, त्यामुळे आमच्या गल्लीत त्यांच्याबद्दल सिनेमापलीकडची माया होती. १९९४ साली राज्य सरकारनं या जमातींना सवलती लागू केल्या आणि माझ्यासारख्या मुलींना शिक्षणात एक दार उघडलं.

दाखल्यासाठी पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा लागतो. आमच्याकडे आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा होता, निजामाच्या काळातला आणि उर्दूत लिहिलेला. मराठवाड्यात १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत कारभाराची भाषाच उर्दू होती, दुसरं काय असणार? त्यात स्पष्ट लिहिलं होतं, बागवान. खिडकीतल्या कारकुनानं कागद उलटसुलट करून परत सरकवला. "हे वाचता येत नाही. मराठीत काहीतरी आणा." आम्ही तीनदा गेलो, तीनदा परत आलो. तिसऱ्यांदा अब्बा म्हणाले, "जाने दे बेटा, अगले साल देखेंगे."

त्याच सुमारास आमचा वॉर्ड ओबीसी महिलेसाठी राखीव झाला होता आणि गल्लीतल्या एक खाला निवडून आल्या होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. पहिलं वर्षभर सगळा कारभार त्यांचे पतीच बघत, लोक हसत, ते मी नाकारत नाही. पण आमचा कागद परत आल्याचं अम्मीकडून कळलं तेव्हा खाला एकट्या आल्या. बुरखा सावरत त्या खिडकीशी उभ्या राहिल्या, कागद टेबलावर ठेवला आणि मराठीत म्हणाल्या, "वाचता येत नाही तर वाचणारा बोलवा. कागद सरकारचाच आहे, आम्ही घरून लिहून आणला नाही."

वाचणारे आले. जुन्या पेठेतले एक निवृत्त मास्तर. दाखला महिनाभरात मिळाला, आज मी शिक्षिका आहे ती त्यावर.

पण मला सांगायचंय ते दाखल्याचं नाही. त्यानंतर दोनच महिन्यांनी अब्बा रेशनकार्डाच्या कामाला गेले. मी सोबत होते. टोपी डोक्यावरच होती, आणि आवाज मोंढ्यातला.

इथे तुम्ही म्हणाल, मग खालांच्या आधीच्या नगरसेवकानं तुमचं काही केलं नव्हतं का? केलं होतं, आणि खरं तर जास्त केलं होतं. ते हिंदू होते, भले गृहस्थ होते, आमच्या गल्लीत नळ त्यांनीच आणला. अब्बा त्यांचं नाव आदरानं घ्यायचे. प्रत्येक वेळी शेवटी एक शब्द यायचा, "उनकी मेहरबानी." नळ आमचाच, पट्टी आम्हीच भरायचो, तरी ती मेहरबानी. चार दिवस पाणी आलं नाही तरी अब्बा त्यांच्या दारी गेले नाहीत, उपकार करणाऱ्याला टोकायचं कसं? आणि खालांशी? पाच वर्षं नालीवरून भांडण. रस्त्यात गाठून भांडण, ईदच्या दिवशी शिरखुर्मा खाता खाता भांडण. पुढच्या निवडणुकीत त्यांना मत देणार नाही म्हणाले आणि दिलंही नाही. खाला पडल्या.

माझं उत्तर ताई, हेच आहे. ज्याच्यासमोर हात जोडावे लागत नाहीत, ज्याच्याशी भांडता येतं आणि ज्याला पाडता येतं, तो आपला प्रतिनिधी. तो आमच्याच धर्माचा असावा असा माझा हट्ट नाही. पण अल्पसंख्याक घराला हक्कानं भांडायची सवय लागते ती आधी आपल्या माणसाशी भांडून. मग ती इतरांशीही वापरता येते. खालांच्या वॉर्डात मराठा घरं होती, भीमनगरही होतं. तिथल्या बायाही त्यांच्याशी तशाच भांडल्या. आमच्या मुलांनी तेही पाहिलं, की आपल्या खाला सगळ्यांना उत्तर द्यायला बांधलेल्या आहेत.

आता वरच्या पातळीची गोष्ट. गावपातळीवर ओबीसी आणि महिला आरक्षणातून आमच्या बायका निवडून येतात. विधानसभा-लोकसभेत धर्मावर राखीव जागा नाहीत. संविधानसभेत त्यावर विचार झाला होता आणि १९४९ मध्ये त्या सोडून दिल्या गेल्या. संविधानसभेतल्या एकमेव मुस्लिम स्त्री, बेगम एजाज रसूल, यांनी स्वतःच अशा राखीव जागांना विरोध केला. अशा जागा अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमच्या तोडतील, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं. वेगळ्या कप्प्यात बसायची इच्छा मलाही नाही. पण राखीव जागा सोडण्यात बहुसंख्याकांवर भरवसा होता, त्या भरवशाची दुसरी बाजू पक्षांनी सांभाळायची होती. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात ४८ जागा होत्या, दोन्ही आघाड्यांच्या मोठ्या पक्षांनी एकाही मुसलमानाला उमेदवारी दिली नाही, आणि राज्यातून एकही मुस्लिम खासदार गेला नाही. त्याच वर्षी विधानसभेत २८८ पैकी १० मुस्लिम निवडून आले. २०११ च्या जनगणनेत राज्यात मुसलमान साडेअकरा टक्के होते, त्या हिशेबानं तेहतीसच्या आसपास हवेत. मराठवाड्यातल्या ४६ मतदारसंघांतून एकच, सिल्लोडचे अब्दुल सत्तार. औरंगाबादेतून १९८० मध्ये उर्दू कवी काझी सलीम लोकसभेत गेले होते, २०१९ मध्ये इम्तियाज जलील साडेचार हजारांच्या आसपास मतांनी जिंकले, २०२४ मध्ये हरले. हरणं-जिंकणं चालायचंच. तिकीटच न मिळणं वेगळं. तिथे मतदाराला नाही म्हणायचीही संधी मिळत नाही.

हे आकडे लेकरांपर्यंत पोचत नाहीत असं वाटतं ना? आमच्या शाळेत दरवर्षी शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. चिठ्ठ्या, शाई, मतपेटी, सगळं. तीनेक वर्षांपूर्वी सातवीतला एक मुलगा, वर्गात पहिला, भाषणात पुढे, त्यानं सहलमंत्रीपदासाठी नाव दिलं. मी म्हटलं, मुख्यमंत्री का नको रे? तो सहज म्हणाला, "ते आपल्यात नसतंय ना मॅडम."

मी त्याला बॅरिस्टर अंतुल्यांबद्दल सांगितलं. कोकणातले, १९८० ते ८२ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. औरंगाबादच्या रफिक झकेरियांबद्दलही सांगितलं, मंत्री होते, मौलाना आझाद कॉलेज त्यांनी उभं केलं. त्यानं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "त्यांच्यानंतर कोण झालं?"

मी फळा पुसायला वळले.

बारा वर्षांच्या मुलाला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं टीव्हीवरचे शपथविधी पाहिले होते, चौकातले फ्लेक्स पाहिले होते, आणि स्वतःच हिशेब करून आपली जागा आखून घेतली होती. त्याच्या शेजारच्या बाकावरचा, त्याच्यापेक्षा कमी मार्कांचा मुलगा मुख्यमंत्रीपदाला उभा राहिला, कारण त्याला तसा हिशेब करावाच लागला नाही. तुम्ही फरक विचारता तो हा आहे.

आणि प्रतिनिधीच नसला की काय होतं तेही आपण सगळ्यांनीच पाहिलं. ओबीसी आरक्षणाचा वाद सुप्रीम कोर्टात अडकला आणि राज्यभरातल्या पालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले. त्या काळात आमच्या गल्लीची नाली तुंबली की माझी नववीतली मुलगी विचारायची, "अम्मी, किसको बोलने का?" तिला सांगायला माझ्याकडे एकही नाव नव्हतं. तुमच्या गल्लीतही तेव्हा नसणार, ताई. तुम्हाला तेव्हा जसं वाटलं, तसं काही घरांना एरवीही वाटतं.

डिसेंबरात निकाल लागला. आमच्या वॉर्डातून गल्लीतलाच एक तरुण पोरगा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता अब्बा काठी घेऊन निघाले, ऐंशीच्या घरातले आहेत, म्हणून मुलगी सोबत गेली. परत आली ती पळतच सांगत आली. पोरगा दारात उभा होता, केसांत अजून गुलाल. म्हणाला, "चाचा, अभी तो नहाया भी नहीं." अब्बा ओट्यावर बसले, काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "नहा ले. मैं बैठताय. फिर नाली देखने चलते."