बाबांच्या डेबियनचं पॉवर बटण: एकदा दाबलं की नीट बंद

गावाकडच्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन 12 (लिनक्सचाच एक प्रकार) आणि एक्सएफसीई (खिडक्या-मेनूंचा हलका डेस्कटॉप) टाकून दीड महिना झाला. बाबा त्यावर बातम्या वाचतात, सातबारा बघतात, मोबाइलमधले फोटो उतरवून घेतात. अडत होतं ते फक्त बंद करताना. लाइट गेली की इन्व्हर्टर फार वेळ तग धरत नाही, आणि तेवढ्या घाईत मेनूतून शट डाउन शोधणं बाबांना जमत नाही. मग ते सरळ बटण दाबून धरतात. 4 सेकंद धरलं की हार्डवेअरच वीज तोडतं, तिथे लिनक्सला काही विचारलंच जात नाही. नुकतीच उतरवलेली फाइल काही सेकंद मेमरीतच असते, डिस्कवर नंतर जाते. नातीच्या बारशाचे शेवटचे दोन फोटो असेच शून्य बाइटचे निघाले. त्या दिवशी ठरवलं, की बाबांची सवय बदलायची नाही, बटण सुधारायचं.

शनिवारी बसलो. पहिलीच गंमतीची गोष्ट: लॉगिनच्या स्क्रीनवर बटण एकदा दाबलं तर मशीन व्यवस्थित बंद होतं. लॉगिन करून दाबलं तर ढिम्म. म्हणजे वायर ठीक, बटण दाबल्याचा हार्डवेअरचा इशाराही (एसीपीआय) कर्नलपर्यंत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापर्यंत, पोचतोय. मध्येच कोणीतरी तो अडवतंय.

लॉगिन आणि पॉवर बटण सांभाळणाऱ्या लॉगइनडी या प्रोग्रॅमच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'हँडलपॉवरकी' मुळातच 'पॉवरऑफ' असतं, ते बघून घेतलं. मग 'पॉवरकीइग्नोअरइनहिबिटेड' ला 'येस' केलं आणि मशीन रीबूट केलं. काही फरक नाही. संध्याकाळ यातच गेली, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. ही सेटिंग फक्त वरच्या पातळीच्या अडवणुकीला लागू होते, म्हणजे एखादा प्रोग्रॅम 'आत्ता शट डाउन नको' म्हणतो त्याला. पण 'बटण मीच सांभाळतो' असं सांगून डेस्कटॉपने घेतलेलं कुलूप खालच्या पातळीचं असतं, आणि ते लॉगइनडी कायम पाळतं. मॅन पेजमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीपानात, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते आधी वाचायला हवं होतं.

कुलूप कोणाकडे आहे ते 'सिस्टमडी-इनहिबिट --लिस्ट' या कमांडने लगेच दिसतं. यादीत एक्सएफसीईचा पॉवर मॅनेजर होता, समोर 'हँडल-पॉवर-की' आणि शेवटच्या रकान्यात 'ब्लॉक'. लॉगिन स्क्रीनवर तो चालू नसतो, म्हणून तिथे लॉगइनडी आपलं काम करत होतं. आता उपाय सोपा. पॉवर मॅनेजरच्या सेटिंगमध्ये पॉवर बटणासमोर 'काही करू नका' होतं, तिथे 'शट डाउन' निवडलं. लॉगइनडीतला माझा बदल काढून टाकला. माझं मत असं, की फाइलला हात लावण्याआधी ही यादी बघावी. निम्मी झटापट वाचते.

'दाबून धरल्यावर काय' याचीही वेगळी सेटिंग लॉगइनडीत आहे, पण ती 5 सेकंदांनी जागी होते. या मशीनवर तोवर वीज गेलेली असते. सोडून दिली.

रविवारी बाबांना बसवलं. त्यांनी बटण दाबलं, स्क्रीन काळी झाली, पण पुढचा निळा दिवा तसाच. दहा सेकंद गेली, वीस गेली. "अरे, अडकलं वाटतं," म्हणून त्यांचा हात पुन्हा बटणाकडे गेला. मी तो धरला आणि घड्याळ लावलं. दीड मिनिट लागलं. बटण बरोबर चाललं तरी मशीन एवढा वेळ घेणार असेल, तर माणूस ते दाबून धरणारच. बाबांचं यात काही चुकलेलं नव्हतं.

मागच्या बूटचा जर्नल, म्हणजे सिस्टमची नोंदवही, उघडला. 'पॉवर की प्रेस्ड शॉर्ट' ही ओळ होती, आणि पुढे माझीच पेन ड्राइव्हवर बॅकअप घेणारी सर्व्हिस (मागे चालणारा प्रोग्रॅम) बरोबर 90 सेकंदांनी जबरदस्तीने मारलेली. कॉपी अर्धवट राहू नये म्हणून स्क्रिप्टमध्ये मी टर्म सिग्नल (थांबायची सूचना) अडवून ठेवला होता, आणि डेबियनमध्ये सर्व्हिसला थांबायची मुभा 90 सेकंदांची असते. आता अडवणं काढलं. कॉपी आधी तात्पुरत्या नावाने होते आणि पूर्ण झाल्यावरच नाव बदलतं, म्हणजे मध्येच तुटलं तरी जुनी प्रत शाबूत. शिवाय त्या एका सर्व्हिसला 'टाइमआउटस्टॉपसेक' (थांबायची मुदत) 15 सेकंद दिलं. सगळ्या सिस्टमची मुदत कमी करायचा मोह झाला होता, पण उद्या इथे डेटाबेस ठेवला तर त्याला तो वेळ लागेल.

पुन्हा चाचणी घेतली. दिवा 7 सेकंदांत विझला. बाबांनी स्वतः तीनदा करून बघितलं.

एक काम राहिलंय. मी पुण्याहून माझ्या नावाने एसएसएचवर (दुरून लॉगिन करून) असताना बाबांनी बटण दाबलं, तर पासवर्डची खिडकी येते. दुसऱ्याचं सेशन चालू असताना बंद करायला पोलकिट (कोणाला काय करू द्यायचं ते ठरवणारा भाग) वेगळी परवानगी मागतं. बाबांच्या खात्यापुरता तेवढा नियम लिहायचाय. तोवर त्यांच्या चहाच्या वेळेआधी मी लॉग आउट करतो.