तालमीची सिमती

"सगळं टाकून देऊ काय? पाचशे होतील." कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात नवा कॉम्प्युटर घेताना पोरानं पेनड्राइव्ह नाचवत विचारलं. सगळं म्हणजे ऑफिस, फोटोशॉप आणि आणखी चाळीस-एक गोष्टी, सगळ्या क्रॅक केलेल्या. नको म्हटलं. चोरीचा माल आहेच, वर त्याच्यासोबत आणखी काय घरात शिरेल याचा नेम नाही.

जुन्या मशीनला विंडोज 11 चालेना आणि 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, म्हणून ही खरेदी. नव्यात अँटिव्हायरसची ट्रायल आधीच बसवलेली होती, दर तासाला पैसे मागायची. काढून टाकली. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आमच्या घराला पुरतो.

आईला भिशीचा हिशोब हवा, पोरीला शाळेचे प्रोजेक्ट. दोन्हीला लिबरऑफिस घेतलं, ऑफिससारखंच, पण फुकट आणि रीतसर. 2010 मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालेलं हे. दिसायला जरा जुनाट, पण भिशीला कुठं नटायचं असतंय? भावाच्या लग्नाच्या डीव्हीडीसाठी व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर टाकला. मग लक्षात आलं, नव्या कॉम्प्युटरला डीव्हीडीची खाचच नाही! ड्राइव्ह वेगळा आणावा लागला.

खरी गंमत आण्णांच्या फायलींनी केली. आण्णा बरीच वर्षं तालमीचे सेक्रेटरी. सभांची इतिवृत्तं डीटीपीवाल्याकडून कृतिदेव फॉण्टात टाइप करून घेतलेली. फाइल उघडली तर 'श्री'च्या जागी इंग्रजी जे आणि एच. आण्णांना वाटलं व्हायरसनं खाल्लं. तसं नव्हतं. जुन्या फॉण्टात इंग्रजी अक्षरांच्याच कोडवर मराठी आकार बसवलेले असायचे. फॉण्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरवून दिलेले नंबर. त्यात 'क'ला 'क'चाच नंबर असतो, त्यामुळं फॉण्ट बदलला तरी 'क' तो 'क'च.

नुसता कृतिदेव टाकला असता तर वाचता आलं असतं, पण शोधता आलं नसतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की परत जे-एच. म्हणून कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये आणलं. नवीन लिहायला विंडोजच्याच सेटिंगमधून मराठी फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणं इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहायचा कीबोर्ड जोडला. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबला की भाषा बदलते. आईला हे एका दुपारीत जमलं.

बॅकअपला मात्र कंजुषी केली नाही. 2019 च्या महापुरात आत्याचा कॉम्प्युटर फोटोंसकट बुडाला होता. एक हार्ड डिस्क घेतली, ती पन्हाळ्याच्या मामांकडं ठेवतो. पंचगंगा तिथवर चढायची नाही.

तर कन्व्हर्टर. जुन्या फॉण्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची. आमच्या कन्व्हर्टरनं ती मागच्या अक्षराला चिकटवली आणि 'समिती'ची 'सिमती' झाली. पहिलं पान छापून आण्णांच्या हातात दिलं. चष्मा सरळ करून त्यांनी वाचलं, "वर्गणीसाठी सिमती नेमण्यात आली." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ही कोण सिमती? आमच्या तालमीत एक बाई न्हवती."

आता रोज दोन पानं काढून देतो. लाल पेनानं वेलांट्या दुरुस्त करताहेत. कालच्या पानावर 'ठराव एकमताने मंजूर'मधलं 'एकमताने'ही खोडलंय. विचारलं तर म्हणाले, "तवा लई भांडणं झालती. लिव्हायचं र्‍हायलं हुतं."