आधी दिवा, मग कॅमेरा

“कॅमेरा लावाल हो, पण अंधारात चोराचं तोंड कुठनं दिसणार?”

आज सांगलीत मोहल्ला कमिटीच्या, म्हणजे रहिवासी आणि पोलिसांच्या समितीच्या, बैठकीत एक मावशी एवढं बोलून खाली बसल्या. चर्चा लगेच पुन्हा कॅमेऱ्याच्या वर्गणीवर गेली. ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना.

कारण त्या बरोबर बोलल्या. अंधाऱ्या बोळात लांबून नुसती आकृती दिसते, ओळख पटत नाही. आणि दिव्याची तक्रार “आमच्या गल्लीतला दिवा बंद” एवढीच लिहिली, तर वायरमन येतो, खांब सापडत नाही, परत जातो. खांबावर रंगवलेला नंबर लिहा. पुसला असेल तर जवळच्या घराची खूण आणि फोटो द्या. दिवा चालू असूनही अंधार असेल तर वर बघा, फांदी आडवी आलेली असते. ते काम विद्युत विभागाचं नाही, उद्यान विभागाचं. या टोलवाटोलवीतच महिना जातो.

म्हणून बीट अंमलदार (आपल्या भागाचा पोलीस), वॉर्डाचा अभियंता आणि शाळेचे मुख्याध्यापक एकाच बैठकीत हवेत. मुख्याध्यापक अशासाठी, की आठवी-नववीतलं कुठलं पोरगं यायचं थांबलं हे हजेरीपटात आधी दिसतं, पोलिसांच्या वहीत फार नंतर.

१५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेनं गावकऱ्यांना आणि सरकारी माणसांना एका समितीत बसवलं. शहरात मोहल्ला कमिटीची आठवण बहुतेकदा सणाच्या तोंडावरच होते.

तुमच्या गल्लीची सण नसताना शेवटची बैठक कधी झाली?